आधी बडतर्फी, मग चौकशी!

सरकारी नोकर म्हटला की आमच्या शेतकरी बांधवाच्या कपाळाला आठी पडते. ती का पडते हे आम्हांस कोणी शिकवावयास नको. सात-बाऱ्यावर वारसाची नोंद करावयाची तर तलाठ्याच्या दारी किती खेटे, डीपी जळाली तर वायरमनची किती आर्जवे, पोराच्या दाखल्यावर एक शिक्का पडावयास किती दिवस, हे सारे आमच्या वाचकांस तोंडपाठ आहे. म्हणून अमुक एक नोकर बडतर्फ झाला अशी बातमी चावडीवर आली की ऐकणारा तंबाखू मळता मळता म्हणतो, "बरे झाले, एक तरी कमी झाला!" या "बरे झाले" विरुद्धच आज आम्हांस लिहावयाचे आहे. वाचकांस ते रुचणार नाही हे ठाऊक असून लिहीत आहोत.

आमचा प्रश्न अगदी साधा आहे. त्या माणसास काढले ते कोणत्या कसुरीबद्दल, आणि काढण्यापूर्वी त्याचे म्हणणे काय आहे हे त्यास कोणी विचारले काय? चावडीवरच्या मंडळींस हे ठाऊक नसते. वर्तमानपत्रात "बडतर्फ" एवढा शब्द छापून आला की आरोप म्हणजेच गुन्हा आणि साहेबाची सही म्हणजेच न्याय असे समजून सगळे घरी जातात. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी ग्रामण्ये सोसली, न ऐकता न सवरता ज्यांची घराणीच्या घराणी वाळीत टाकली गेली, त्यांच्याच लेकरांनी असे समजावे याचे आम्हांस नवल वाटते. वाळीत टाकणे म्हणजे तरी काय होते? चार जणांनी मागे बसून ठरवावयाचे आणि पाचव्याची चूल, पाणी, विस्तव बंद करावयाचा. सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविणारा कायदा महाराष्ट्राने २०१६ साली केला, तो योग्यच केला. पण कचेरीत बसून चार ओळींच्या हुकुमाने एखाद्याची चूल बंद केली, तर तेवढे मात्र "प्रशासन" ठरते!

आता हा बडतर्फ होणारा नोकर असतो कोण ते पाहू. साहेब लोक क्वचित बडतर्फ होतात. त्यांची बदली होते, ते रजेवर जातात, फार झाले तर सन्मानाने घरी बसतात. बडतर्फीची कुऱ्हाड पडते ती एस.टी.च्या कंडक्टरवर, नगरपालिकेच्या झाडूवाल्यावर, कचेरीच्या शिपायावर, पोलिसातल्या हवालदारावर, शाळामास्तरावर. हा कोणाचा मुलगा आहे? दीड-दोन एकर कोरडवाहू असलेल्या कुणब्याचा, भाता बंद पडलेल्या लोहाराचा, चाक मोडलेल्या कुंभाराचा, मागाला सूत न मिळणाऱ्या कोष्ट्याचा. त्याच्या पगारावर घरी बी-बियाणे येते, म्हातारीचे औषध येते, धाकट्या भावाची फी भरली जाते. पाऊस हुकला तरी ते घर उभे राहते, कारण महिन्याच्या महिन्याला तेवढा एक पगार येतो. तो पगार ज्या दिवशी बंद होतो त्या दिवशी एक माणूस नव्हे, आठ-दहा माणसांचे कुटुंब बडतर्फ होते. तेव्हा "बरे झाले" म्हणताना आपण कोणाविषयी बोलतो ते नीट पाहावे.

शाहू छत्रपतींनी १९०२ साली कोल्हापूर दरबारच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या तेव्हा केवढा हलकल्लोळ झाला हे आमच्या घराघरांत सांगितले जाते. त्यांनी दार उघडले आणि आमची माणसे आत गेली. पण दार उघडून आत घेणे हे अर्धेच काम आहे. आत आलेल्यास कोणी मागच्या दाराने, कारण न सांगता, कानाला धरून बाहेर काढू नये, हे दुसरे अर्धे. पहिल्या अर्ध्यासाठी आम्ही शंभर वर्षे भांडलो आणि आजही मोर्चे काढतो. दुसऱ्या अर्ध्याविषयी आमच्या सभांतून एक ठराव होत नाही. राखीव जागेवर लागलेला पोरगा पाचव्या वर्षी एका चिठ्ठीने घरी आला तर त्या राखीव जागेचे मोल काय राहिले?

या सगळ्याच्या मुळाशी एक जुना शब्द आहे: मर्जी. खाविंदांची मर्जी असेतोवर चाकरी, हा सरंजामी काळाचा रिवाज. इंग्रज आला तो कायद्याचे राज्य घेऊन आला असे आपल्यास शिकवितात. पण नोकराच्या बाबतीत त्याने तोच शब्द आपल्या भाषेत लिहून घेतला. १९१९ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्याच्या ९६-ब कलमात मुलकी नोकर हा बादशहांची मर्जी असेपर्यंत नोकर, असे साफ म्हटले होते. १९३५ च्या कायद्याच्या २४० व्या कलमात थोडी भर पडली: बडतर्फ करण्यापूर्वी त्यास कारण दाखविण्याची वाजवी संधी द्यावी. या संधीचा अर्थ काय, यावर एका आय.सी.एस. साहेबाचा खटला १९४८ साली थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि साहेब तो जिंकला. साहेबाजवळ लंडनपर्यंत जाण्याचे बळ होते. शिपायाजवळ तालुक्याला जाण्याचे एस.टी.चे भाडे नसते, ही गोष्ट तेवढी ध्यानात ठेवावी. पुढे ती कामास येईल.

१९५० साली आपली राज्यघटना आली. तिच्यातही ही मर्जी पुसली गेली नाही. ३१० व्या कलमात ती जशीच्या तशी आहे, फक्त बादशहाच्या जागी राष्ट्रपती आणि राज्यपाल आले. मात्र लगेच पुढच्या ३११ व्या कलमाने या मर्जीच्या बैलास वेसण घातली. ज्याने नेमले त्याच्याहून खालच्या अधिकाऱ्याने काढू नये. आणि चौकशी केल्यावाचून, आरोप सांगितल्यावाचून व म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्यावाचून कोणास बडतर्फ करू नये, काढू नये, की खालच्या जागेवर ढकलू नये. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली या वाजवी संधीचे पोट उकलून दाखविले. आरोप नाकारण्याची संधी हवी. आपल्याविरुद्धच्या साक्षीदारांची उलट तपासणी करण्याची व आपले साक्षीदार आणण्याची संधी हवी. आणि शिक्षा ठरण्याच्या वेळी, ही शिक्षा मला का नको, हे सांगण्याची संधी हवी. आणीबाणीच्या दिवसांत, १९७६ साली, ४२ वी घटनादुरुस्ती झाली तीत ही तिसरी संधी काढून घेण्यात आली. राहिल्या दोन. त्या दोन तरी मिळतात काय?

कागदावर मिळतात. प्रत्यक्षात कशा मिळतात त्याचा एकच दाखला नीट सांगतो, कारण तो आमच्या वाचकांस पुरता कळेल. मध्य प्रदेशात जंगल खात्यात एक रेंजर होता. त्यास निलंबित केले. तो राहात होता रेवा येथे आणि त्याची चौकशी ठेवली जगदलपूरला, म्हणजे सुमारे ५०० किलोमीटर लांब. निलंबित नोकरास पोट भरण्यापुरता निर्वाह भत्ता द्यावा लागतो. तो त्यास मिळाला नाही. त्याने लेखी कळविले की, माझ्याजवळ पैसे नाहीत, मी येऊ शकत नाही. चौकशी अधिकाऱ्याने त्याच्या माघारी साक्षी नोंदविल्या. भत्त्याचा पहिला पैसा त्याच्या हाती पडला तो साक्षी होऊन गेल्यानंतर. मग अहवाल झाला, आरोप सिद्ध झाला, नोकरी गेली. सगळे कायदेशीर! आरोपपत्र दिले होते, तारीख दिली होती, हजर राहण्याची सूचना दिली होती. संधी दिली नाही असे कोण म्हणेल? १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ही संधीच नव्हे, आणि तो बडतर्फीचा हुकूम रद्द केला. उपाशी माणसास ५०० किलोमीटरवर पान वाढून ठेवावयाचे आणि वर म्हणावयाचे की जेवावयास बोलाविले होते, तोच आला नाही! जंगल खात्यात रेंजर म्हणजे लहान हुद्दा नव्हे. त्याची ही गत, तर वनमजुराचे काय?

कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीवरच्या एका सुरक्षा अधिकाऱ्याचे असेच झाले. १९८५ साली त्याच्या घरावर पोलिसांची धाड पडली, तो निलंबित झाला. निर्वाह भत्ता नाही म्हणून तो चौकशीस जाऊ शकला नाही. एकतर्फी चौकशी होऊन १९८६ साली नोकरी गेली. १९८७ साली फौजदारी कोर्टाने त्यास निर्दोष सोडले. आणि खाणीच्या कंपनीविरुद्ध त्यास न्याय मिळाला १९९९ साली. मधली तेरा वर्षे त्याने काय खाल्ले हे कोणत्याही निकालपत्रात लिहिलेले नसते.

भत्त्याची ही युक्ती पहिली. दुसरी युक्ती वकिलाची. मुंबईच्या पोर्ट ट्रस्टने आपल्या एका नोकराची चौकशी चालविली तेव्हा ट्रस्टच्या बाजूने कायदा शिकलेले अधिकारी उभे केले. नोकराने वकील मागितला तर ते परवानगी देईनात. एकाच्या हाती तलवार आणि दुसऱ्याच्या हाती बोरूची काडी! १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने हे अन्यायाचे ठरविले. पण आजही सामान्य चौकशीत नोकरास मदत घ्यावयाची ती आपल्यासारख्याच दुसऱ्या एखाद्या नोकराची. आणि तो दुसरा नोकर साहेबाच्या डोळ्यांत खुपावयास का म्हणून तयार होईल? तिसरी युक्ती अहवाल दडविण्याची. तुझ्याविरुद्ध काय लिहिले आहे ते तुला न दाखविता तुला शिक्षा! चौकशीचा अहवाल नोकरास दिलाच पाहिजे हे सर्वोच्च न्यायालयास १९९० साली आणि पुन्हा मोठ्या खंडपीठातून १९९३ साली सांगावे लागले. स्वराज्य येऊन चाळीस वर्षे लोटल्यावर!

आरोपपत्राच्या भाषेविषयी थोडे सांगितल्यावाचून राहवत नाही. ते मराठीतच असते. पण "शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याने अपचाऱ्याविरुद्ध बजावलेल्या दोषारोपांच्या अनुषंगाने" अशी ती मराठी असते. पूर्वी पोथी संस्कृतात ठेवून आम्हांस दूर ठेवीत. आता मराठीचेच संस्कृत केले आहे. सातवी शिकलेल्या झाडूवाल्यास "अपचारी" म्हणजे आपणच हे तरी कसे कळावे?

एस.टी.च्या कंडक्टरकडे आता वळू, कारण आमच्या वाचकांत त्यांची घरे पुष्कळ. गाडी भरलेली, घाट चढते आहे, तिकिटे फाडून व्हावयाची आहेत, तेवढ्यात तपासणी पथक गाडी थांबविते. चार उतारूंजवळ तिकीट नाही. त्यांनी पैसे दिले होते की दिले नव्हते? कंडक्टरने घेऊन खिशात घातले की अजून तो त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता? हे सांगू शकेल तो उतारू. तो तर पुढच्या थांब्यास उतरून आपल्या वाटेने गेला. हरियाणातील अशाच एका कंडक्टरचा खटला १९७७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. उतारूंची साक्ष झालेली नव्हती. तपासनिसाचा शब्द होता. कामगारांचे कैवारी म्हणून ज्यांची ख्याती त्या न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनीच निकाल दिला की खात्याच्या चौकशीस कोर्टाइतका काटेकोर पुरावा लागत नाही, तपासनिसाची साक्ष एवढा पुरावा पुरे. न्यायमूर्तींविषयी आमच्या मनात पूर्ण आदर आहे, पण हा निकाल आम्हांस पटत नाही. चोरी सिद्ध झाली तर कंडक्टरास काढा. आम्ही त्याची रदबदली करणार नाही. पण ज्याचे पैसे गेले म्हणता त्यास एकदा विचारा तरी! या निकालाच्या आडोशाने देशभर किती कंडक्टरांच्या चौकश्या एका तपासनिसाच्या शब्दावर उरकल्या गेल्या असतील याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. पुढे २००८ साली एका बँकेच्या शिपायाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की नुसते कागद पुढे ठेवल्याने आरोप सिद्ध होत नाही, पोलिसांपुढचा जबाब हा चौकशीतला पुरावा नव्हे, तो कोणी तरी येऊन शाबीत केला पाहिजे. तो निकाल आम्हांस अधिक माणुसकीचा वाटतो.

बरे, एस.टी.चा कंडक्टर हा ३११ व्या कलमाखाली येतच नाही. महामंडळ वेगळे, सरकार वेगळे! तुमच्या आमच्या डोळ्यांना ती गाडी सरकारी दिसते, पण कायद्यास दिसत नाही. २०२१ च्या ऑक्टोबर अखेरीपासून एस.टी.चे कामगार संपावर गेले. आम्हांस सरकारात विलीन करा, ही त्यांची मागणी होती. या मागणीमागे पगाराबरोबर हाही अर्थ होता, हे त्या वेळी फार थोड्यांनी ओळखले. संप बरोबर की चूक तो वाद निराळा. खेड्यापाड्यांतील पोरांच्या शाळा बुडाल्या आणि म्हातारी माणसे अडली हेही आम्ही नाकारीत नाही. पण त्या संपात हजारो कामगारांवर निलंबनाचे व बडतर्फीचे हुकूम निघाले. हजारो माणसांच्या हजारो वेगवेगळ्या चौकश्या त्या चार-सहा महिन्यांत नीट झाल्या असे कोणी सांगू लागेल तर त्याच्यापुढे आम्ही हात जोडू. अखेर २०२२ च्या एप्रिलात मुंबई उच्च न्यायालयाने कामगारांस २२ तारखेपर्यंत कामावर या म्हणून सांगितले आणि महामंडळास त्यांना घ्या म्हणून सांगितले. जी माणसे एप्रिलात घेता आली ती आधी काढली होती ती कशासाठी? धाक घालण्यासाठी. बडतर्फी ही शिक्षा न राहता चाबूक झाली की असे होते.

घटनेनेच एक फट ठेवली आहे, तिच्याविषयी लिहिलेच पाहिजे. ३११ व्या कलमाच्या पोटात म्हटले आहे की, चौकशी करणे वाजवीपणे शक्य नाही असे अधिकाऱ्यास वाटले आणि त्याने तसे कारण लिहून ठेवले, तर चौकशीची गरज नाही. अधिकाऱ्यास वाटले, म्हणजे पुन्हा मर्जीच की! तुलसीराम पटेल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने ही फट वैध ठरविली. काढल्यानंतर अपील करता येते, तेव्हा ऐकून घेतील, असे त्यात म्हटले. म्हणजे आधी फाशी, मग चौकशी. न्यायमूर्ती ठक्कर यांनी मात्र आपले मत वेगळे नोंदविले. १९८१ साली रेल्वेच्या इंजिन चालविणाऱ्या कामगारांनी संप केला तेव्हा याच धर्तीच्या नियमाने त्यांतील कित्येकांस चौकशीवाचून घरी पाठविले होते. त्यांना कामावर घ्या असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते १९९३ साली. बारा वर्षांनी! तेव्हा चौकशी करणे "शक्य नव्हते" म्हणून ज्यांस काढले, त्यांच्या बाबतीत ती खरोखर अशक्य होती काय?

आता आमचे विरोधक काय म्हणतील ते आम्हांस ठाऊक आहे. ते म्हणतील, तुम्ही लाचखोरांची वकिली करता. चौकश्या, अपिले, कोर्ट यांमुळेच हे लोक माजले. एकदा दहा-वीस जणांस तडकाफडकी घरी बसवा म्हणजे बाकीचे सुतासारखे सरळ होतील. नोकरी म्हणजे का यांचे वतन आहे?

नोकरी हे वतन नव्हे, हे आम्हांस आधी मान्य आहे. शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी आणले ते वतन नको म्हणूनच. पण नोकरी ही वेठबिगारही नव्हे. आणि लाचखोर सुटतो तो चौकशीमुळे नव्हे. चौकशी नीट न केल्यामुळे सुटतो. साहेब घाईत असतो, किंवा आमदाराचा फोन आलेला असतो. साक्षीदार बोलाविले जात नाहीत, कागद दाखविले जात नाहीत, हुकूम मात्र निघतो. मग तो खरा चोर कोर्टात जातो, चौकशी बेकायदा म्हणून हुकूम रद्द होतो, आणि तो मागचा पगार घेऊन मिशीला पीळ देत त्याच खुर्चीवर येऊन बसतो. तो पगार कोणाच्या खिशातून जातो? साहेबाच्या नव्हे. तुमच्या-आमच्या कराच्या पैशांतून. घाईने काढलेला चोर दोनदा लुटतो. चौकशीला फार वेळ लागतो म्हणावे तर तो कोण लावतो? दिल्लीतील एका कोर्ट कर्मचाऱ्यास नऊ वर्षांहून अधिक काळ निलंबनात ठेवले होते. त्याच्या खटल्यात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की चौकशी सहा महिन्यांत, फार तर वर्षात संपवावी. त्याच साली दुसऱ्या एका निकालात सांगितले की आरोपपत्र न देता तीन महिन्यांपलीकडे निलंबन लांबवू नये. सहा महिन्यांत चौकशी करा आणि चोर असेल तर खुशाल काढा. आम्ही हार घेऊन येऊ, साहेबाच्या गळ्यात घालावयास!

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. ज्यास साहेब वा पुढारी तडकाफडकी काढू शकतो तो लाचखोरच असतो असे कोणी सांगितले? गारपीट झाली, पंचनामे चालले आहेत. पुढाऱ्याच्या बागेत एक फांदी मोडली नाही आणि त्याचे नाव यादीत पहिले घालावयाचे आहे. तलाठी म्हणतो, मी बांधावर जाऊन पाहीन आणि जे दिसेल ते लिहीन. रोजगार हमीच्या हजेरीपटावर मेलेल्या माणसांची नावे आहेत. ग्रामसेवक म्हणतो, मी सही करणार नाही. असे नोकर थोडे असतील, पण आहेत, आणि शेतकऱ्याच्या वाट्याचे जे काही दोन पैसे त्याच्यापर्यंत पोचतात ते त्यांच्यामुळे पोचतात. याला वाचविणारा काय आहे? चौकशीचा हक्क. तो काढा, मग उद्यापासून प्रत्येक तलाठी प्रत्येक पुढाऱ्याच्या वाड्यावर सकाळी मुजऱ्याला जाईल, कारण त्याची भाकरी तुमच्या सात-बाऱ्यावर नव्हे, त्या वाड्याच्या मर्जीवर लटकलेली असेल. लाचखोरास यात काहीच तोटा नाही. तो आधीच मुजऱ्याला जात आहे.

आणि वाडा म्हटला म्हणजे आमच्याच माणसांचे वाडे डोळ्यांपुढे येतात, तेही लिहिले पाहिजे. एके काळी शिक्षण वरच्या वर्गांच्या मुठीत होते, म्हणून जोतिरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन देऊन बहुजनांच्या शिक्षणाची मागणी केली, शिक्षक इतर जातींतून घ्या असे सांगितले. पुढे गावोगाव आमच्या लोकांनी संस्था काढल्या. त्यांतल्या चांगल्या संस्थांस आमचा नमस्कार. पण आज कित्येक ठिकाणी संस्थेचा अध्यक्ष हा शाळेचा पेशवा झाला आहे. आडनाव आमचे, राज्य मर्जीचे! मराठवाड्यातील एका प्राथमिक शाळेच्या शिक्षिकेची हकीकत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नोंदलेली आहे. संस्थेने तिला २००६ साली निलंबित केले. शिक्षणाधिकाऱ्यांनी त्या निलंबनास मान्यता दिली नाही. तरी तिला वर्गात येऊ दिले नाही, पगार दिला नाही. एकतर्फी चौकशी करून २००७ साली नोकरीवरून काढले. शाळा न्यायाधिकरणाने २००९ साली तो हुकूम रद्द करून मागील पगार देण्यास सांगितले. पगाराचा भाग उच्च न्यायालयात गेला. आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो परत देवविला. त्या निकालाने एक नियमच घालून दिला: चुकीने काढलेल्यास परत घ्यावयाचे तर मागील पगारासह घेणे ही सर्वसाधारण रीत. एका शाळामास्तरणीने सात वर्षे झगडून देशातल्या सर्व नोकरदारांस हा निकाल मिळवून दिला. खाजगी शाळांच्या शिक्षकांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा वेगळा कायदा आहे म्हणून तिला न्यायाधिकरण तरी होते.

कंत्राटी माणसास तेही नाही. अंगणवाडी सेविका मुलकी पदावर नाही, असे २००६ साली ठरले. सरकारची पोषण योजना चालवावयास ती सरकारी, हक्क मागावयास गेली की ती मानसेवी! २०२३ च्या सप्टेंबरात महाराष्ट्र सरकारने खाजगी कंपन्यांमार्फत सरकारी कामासाठी माणसे घेण्याचा निर्णय काढला. ओरड झाली तेव्हा ऑक्टोबरात तो मागे घेतला. पण कंत्राटी भरती त्यापूर्वीही होती आणि त्यानंतरही आहे. या माणसास बडतर्फ करावेच लागत नाही. "उद्यापासून येऊ नकोस" एवढे तोंडी सांगितले की झाले. ना आरोप, ना कागद. आमच्या पोरांस ज्या नोकऱ्या आता मिळतात त्यांतल्या पुष्कळशा याच जातीच्या आहेत. म्हणून राखीव जागांच्या सभेत जे भांडतात त्यांनी याही प्रश्नावर तोंड उघडावे, असे आमचे त्यांस स्पष्ट सांगणे आहे. सरकारचे काम करणाऱ्या कोणासही, मग त्याची नेमणूक कोणामार्फत झालेली असो, लेखी कारण दिल्यावाचून व म्हणणे ऐकल्यावाचून काढता येणार नाही, असा कायदा विधिमंडळाने करावा. चौकशी नोकराच्या कामाच्या तालुक्यातच व्हावी. निर्वाह भत्ता पोचल्याची पावती दप्तरी लागल्याशिवाय चौकशीची पहिली तारीखच पडू नये. आणि बेकायदा हुकुमामुळे जो मागील पगार द्यावा लागेल त्यातला काही भाग हुकुमावर सही करणाऱ्याच्या पगारातून वसूल व्हावा. या चौथ्या कलमावर साहेब लोक फार रागावतील, तेव्हा तेच पहिले मागावे.

तोपर्यंत ज्यांच्या घरी नोटीस आली असेल त्यांनी काय करावे? घाबरून राजीनामा लिहून देऊ नये. तो मागणारा गोड बोलतो. कोऱ्या वा न वाचलेल्या कागदावर सही करू नये. आरोप ज्या कागदांवर उभा आहे त्या प्रत्येक कागदाची नक्कल मागावी. निर्वाह भत्ता मिळाला नसेल तर तसे लिहून कळवावे. नुसते तोंडाने सांगू नये, कारण रेवाच्या त्या रेंजरास त्याचे लिहून कळविणेच तारून गेले. कोणत्या साक्षीदारास आपण प्रश्न विचारणार आहो त्यांची नावे चौकशी सुरू होण्यापूर्वी द्यावी. मदतीस निवृत्त झालेला, कोणाचे भय न बाळगणारा जुना सहकारी मिळाला तर पाहावा. आणि जे जे द्यावयाचे ते दोन प्रती करून द्यावे, एकीवर आवक शिक्का व तारीख घालून घ्यावी. कारकून शिक्का देईना तर स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पोस्टाची पावती देवघरातल्या डब्यात जपून ठेवावी.